वायसरमामांचं न गळणारं विमान

आमच्या गल्लीतल्या वायसरमामांना टपटप सहन होत नसे. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले, चहाचा कप हातात आला आणि मागच्या मोरीत नळ टपटपला, की कप खाली आणि मामा मोरीत. खिशात दोन-चार वायसर, सुताची गुंडी आणि बोटाएवढा पाना कायमचाच. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले. आत बायका रडत होत्या. मामा थोडा वेळ मान खाली घालून बसले, मग हळूच उठले आणि काही वेळानं मोरीतून हात पुसत बाहेर येऊन म्हणाले, "झालं, आता बंद झालं." रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच दटावलं.

धंदा नळजोडणीचा. आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण ते मतदारयादीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गळती म्हणजे त्यांच्या लेखी घराच्या अब्रूचा प्रश्न. "भोक दिसलं की बुजवायचं," म्हणायचे, "विचार नंतर." आणि छतावर टाकी बसवताना प्रत्येक घरमालकाला न चुकता ऐकवायचे, "टाकीला वरून हवेची नळी पाहिजेच. आत हवा शिरली नाही तर खाली पाणी उतरणार कसं?" हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. मामांनी ठेवलं नाही.

टाकी बसवून झाली की मामा लगेच खाली उतरत नसत. झाकणावर बूड टेकून गावाकडे बघत बसायचे. खालून घरमालक ओरडायचा, "काही राहिलंय का हो?"

"राहिलं काही नाही. बघतोय."

उडायचं खूळ त्यांच्या डोक्यात असंच, टाक्यांवर बसल्या बसल्या शिरलं असावं. गावाबाहेर विमान शिकवणारा एक क्लब होता. त्या क्लबातला पाण्याचा पंप मामांच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. मामांनी पंप चालता ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबानं त्यांना विमान शिकवायचं, असा बिनबोभाट व्यवहार बरीच वर्षं चालला. पंप मुद्दाम मधूनमधून बिघडायचा असं मामी म्हणायच्या, पण मामींच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. एक दिवस मामांना उडवायचा परवाना मिळाला. तो त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि खिळ्याच्या भोकाभोवती पुट्टी भरली.

त्याच क्लबाच्या शेडात एका हौशी डॉक्टरांनी अर्धवट सोडलेलं घरगुती विमान पडलं होतं. दोन माणसं बसतील एवढंसं. डॉक्टरांची हौस फिटली होती, सांगाडा उरला होता. क्लबाला ती जागा रिकामी हवी होती. "न्यायचं तर न्या," असं कुणीतरी सहज म्हणालं, आणि मामा टेम्पो घेऊन हजर.

घरात समोरची खोली एकच. त्या खोलीत शिवणकामाचा क्लास काढायचा, असा मामींचा जुना बेत होता. गल्लीतल्या बायका नावंसुद्धा सांगून गेल्या होत्या. मशीन आलेलं होतं, कात्र्या आल्या होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ टेम्पोतून विमान आलं. धड खोलीच्या मधोमध बसलं, पंख घडी घालून भिंतीला टेकले, आणि शेपूट गेलं स्वयंपाकघराच्या दारात. आत जायचं तर शेपटीखालून वाकून जावं लागे. गल्लीत लोक म्हणू लागले, मामींच्या घरी आल्यागेल्याला पहिलं वाकवतात.

पुढची काही वर्षं मामा दिवसा लोकांच्या मोऱ्यांत आणि उरलेला वेळ विमानाच्या पोटात. अशा विमानाच्या पंखांना कापडाची खोळ लागते. ती शिवणार कोण? मशीन तर घरातच होतं आणि शिवणारीही.

"एवढा मोठा अभ्रा मी आयुष्यात शिवला नाही," मामी सुई ओवता ओवता म्हणाल्या. "उशी कुणाची आहे ही?"

"आकाशाची," मामा म्हणाले. त्यांना कधीकधी असं सुचायचं.

"मग आकाशाला म्हणावं, घेऊन जा तुझी उशी. माझं मशीन मोरीजवळ गंजतंय."

पण शिवण अशी सरळ घातली, की पुढे तपासणीला आलेल्या बाईंनी तिच्यावर बोट ठेवायला जागा शोधली आणि सापडली नाही.

विमान उभं राहिलं तसे मामा त्याला नटवायला लागले. आधी लागतात ती यंत्रं बसवली: उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, दिशा दाखवणारं. मग न लागणारी. जुन्या स्कूटरचा हॉर्न आला. घड्याळ आलं. शर्ट अडकवायला खुंटी आली. खिडकीला फुलाफुलांचा पडदा आला. एक गोल आरसा आला. पेट्रोल बंद करायला म्हणून पितळी तोटी आली, ती इतकी चकचकीत की वाटावं, फिरवली तर प्यायचं पाणी येईल. मामींचा भाऊ, म्हणजे मामांचा मेहुणा, बसवर ड्रायव्हर होता. त्यानं बसमधली पाटी काढून आणून दिली: 'चालकाशी बोलू नये.'

"ही ताईसाठी," तो म्हणाला.

मामींनी ती पाटी उलटी करून लावली.

आणि मग एक दिवस पेट्रोलच्या टाकीत थोडं पेट्रोल ओतून मामांनी मागच्या अंगणात इंजिन चालवून बघितलं. चाललं. गल्ली जमा झाली, टाळ्या पडल्या, वाळत घातलेले कपडे उडून शेजारच्या घरात गेले. विमान पुन्हा खोलीत आलं. पण आता खोलीत पेट्रोलचा वास सुटला. भाजीला वास, उशीला वास. मामींनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "गावभराच्या गळत्या बंद करता आणि स्वतःच्या घरात ही गळती?"

हे वर्मी लागलं. मामा विमानाच्या नाकावर आडवे झाले आणि वास हुंगत हुंगत टाकीपर्यंत पोचले. बघतात तर काय, टाकीच्या झाकणावर बरोबर मधोमध सुईएवढं भोक!

"बघ," ते मामींना म्हणाले, "कारखान्यात बसलेल्या लोकांची कामं बघ. नवंकोरं झाकण आणि भोक पडलेलं! झोपा काढतात नुसत्या."

झाकण काढलं, अंगणात नेलं, घासलं, तापवलं आणि भोकावर कथलाचा डाग दिला. त्यावरून कानस फिरवली. भोक कुठे होतं हे सांगूनही दिसलं नसतं. वास गेला. त्या दिवशी मामी म्हणाल्या, "तुमच्या विमानातलं हे एक काम मात्र चांगलं झालं." इतक्या वर्षांत विमानाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. मामा दिवसभर शीळ घालत होते.

आणि तिथूनच त्यांचं घोडं पेंड खायला लागलं.

क्लबाच्या धावपट्टीवर विमान न्यायचं, पंख उघडायचे आणि जमिनीवरून पळवून बघायचं, असा रिवाज असतो. पण विमान पास झाल्याशिवाय क्लब शेडात जागा देईना. म्हणजे टेम्पोतून न्यायचं आणि टेम्पोतून परत आणायचं. विमान होतं खरं, पण त्याचा सगळा प्रवास रस्त्यानं. धावपट्टीवर मामा आत बसत, पाय ब्रेकवर. मामी बाहेर स्टुलावर. त्यांचं काम एवढंच, की टाकीचं झाकण उघडून काडी बुडवायची, पेट्रोल किती आहे ते सांगायचं आणि झाकण लावायचं. विमानाच्या नादी लागायचं नाही असं ठरवलेल्या बाईला हे काम कसं चिकटलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इंजिन सुरू व्हायचं झकास. थोडा वेळ शिवणयंत्रासारखं एका लयीत चालायचं. मग खोकायचं, ठसकायचं आणि बंद पडायचं.

मामांनी प्लग बदलले. "पेट्रोल बघ गं." मामींनी झाकण उघडलं, काडी बुडवली, झाकण लावलं. इंजिन सुरू झालं, गोड चाललं. "प्लगच होता!" मामा ओरडले. विमान घरी आलं, प्लगाच्या आनंदात चहा झाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, खोकला आणि बंद. मामांनी गाळणी बदलली. "पेट्रोल बघ गं." झाकण, काडी, झाकण. चाललं! "गाळणीच होती!" मग पेट्रोलचा पंप होता. मग कार्बोरेटर होता. मग वायर होती. दर वेळी रोग सापडायचा, दर वेळी रोगी बरा व्हायचा आणि दर वेळी पुन्हा आडवा पडायचा. मामांनी इंजिनाचे इतके भाग बदलले, की जुन्या भागांचं आणखी एक इंजिन झालं असतं, आणि तेही बंद पडलं असतं.

मेहुणा सल्ला द्यायला हजर असायचाच. "भावोजी, आमची बस अशी मधेच थांबली की आम्ही आधी प्रवासी उतरवतो."

"इथे प्रवासी मीच आहे."

"मग उतरा की. कुणी धरलंय?"

तपासणी खात्याच्या बाई आल्या त्या दिवशी मामा नवा शर्ट घालून उभे. बाई अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी विमानाला एक चक्कर मारली आणि आत डोकं घातलं.

"हा हॉर्न कशासाठी?"

"समोर पक्षी आला तर, मॅडम."

"पक्ष्याला ऐकू जाईल?"

"त्याचं तो बघेल. आपण वाजवल्याशी मतलब."

"आणि हा पडदा?"

"ऊन येतं."

"पडदा ओढून विमान चालवणार तुम्ही?"

मामांनी पडदा हळूच कडेला सरकवला.

"आरसा?"

"मागून कुणी येतंय का बघायला," मेहुणा मधेच म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो आपल्या बसमध्ये जाऊन बसावं तसा टेम्पोत जाऊन बसला.

हॉर्न निघाला. घड्याळ, खुंटी, पडदा, आरसा, पाटी, सगळं निघून धावपट्टीच्या कडेला ढिगारा झाला. घर सोडताना सामान काढून ठेवतात तसं दिसत होतं. "एवढ्या वजनाचं एक माणूस बसलं असतं," बाई म्हणाल्या. मग टाकीभोवती, नळीभोवती बोट फिरवून विचारलं, "कुठे गळती?"

मामांची छाती फुगली. "मॅडम, माझ्या हातात आणि गळती? थेंब दाखवा, मिशी काढतो."

थेंब नव्हताच. बाई म्हणाल्या, "आता इंजिन चालवा. अर्धा तास न थांबता चाललं पाहिजे." इंजिन चाललं, खोकलं आणि चहाचा एक कप पिऊन होईल एवढ्यात बंद पडलं. बाईंनी कागद मिटला. "आणखी एकदा येईन. त्या वेळी नाही चाललं, तर पुन्हा अर्ज करू नका."

घरी मामींनी भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई पुन्हा येतील तेव्हा पास झालं तर क्लबात जाईल, नाहीतर भंगारात. दोन्हीकडून माझी खोली रिकामी. शब्द द्या."

मामांनी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी मामींनी भंगारवाल्याला बोलावून विमान दाखवलंसुद्धा. त्यानं आधी कधी विमान विकत घेतलं नव्हतं. त्यानं ते दाबलं, वाजवलं, पंखाला बोट लावलं आणि नाक मुरडलं. "लोखंड फारसं नाही यात. कापडच जास्त."

हे मामांना सगळ्यात जास्त लागलं. नंतर दोन दिवस ते कुणाच्या नळालाही गेले नाहीत. मेहुण्याकडे छतावरची टाकी भरल्यावर पाणी थांबवायचा गोळा बिघडला होता, तो बसवायला गेले आणि अर्ध्यावर सोडून परत आले. "उद्या बघू," म्हणाले. मामांच्या तोंडी 'उद्या' हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

बाई दुपारी येणार होत्या तो दिवस उजाडला. सकाळीच टेम्पो धावपट्टीवर. पंख उघडले. मामी स्टुलावर, कंबरेला पदर खोचलेला. क्लासाला येणाऱ्या बायकांना त्या सांगून आल्या होत्या, उद्यापासून या. भंगारवाला क्लबाच्या फाटकापाशी हातगाडी लावून बिडी ओढत बसला होता. मामांनी इंजिन सुरू केलं. मामा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि बाकीचे मामांकडे. इंजिन खोकलं. ठसकलं. थांबलं.

फाटकापाशी भंगारवाला उठून उभा राहिला.

मामा आतूनच म्हणाले, "पेट्रोल बघ गं." आवाजात जीव नव्हता. सवयीनं म्हणाले.

मामींनी झाकणाला हात घातला. झाकण हलेना. दोन्ही हातांनी धरून पिळलं, दात ओठ खाल्ले, तेव्हा कुठे ते निघालं, आणि गाभण म्हशीनं सुस्कारा टाकावा तसा आवाज आला: फुस्स.

"मेलं रोज असंच करतं," मामी करवादल्या. "हात दुखून येतात माझे."

मामांनी मान बाहेर काढली. "काय करतं?"

"फुस्स करतं. उघडलं की फुस्स."

"रोज?"

"दर वेळी. आणि त्यानंतर तुमचं चालतं. मी म्हणाले होते, मी उघडलं की हे नीट चालतं. तुम्ही म्हणालात, गप बस, प्लगच होता."

"अगं, हे सांगायचं नाही का!"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, विमानं सुस्कारे टाकत असतील. या घरात आल्यापासून मीही टाकतेच की."

एवढं बोलून मामींनी जीभ चावली. त्यांच्या ध्यानात आलं होतं. आणखी थोडा वेळ तोंड बंद ठेवलं असतं, तर विमान हातगाडीवर चढलं असतं आणि त्यापायी मामांनी कुणाला बोल लावला नसता. पण तोंड बंद ठेवायची कला मामींकडे नव्हती. म्हणून तर हे विमान आज आहे.

मामा खाली उतरले. झाकण हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. अंगठा बरोबर मधोमध गेला, जिथे आता काहीच दिसत नव्हतं. मग ते धावपट्टीवर मटकन बसले.

"भावोजी, काय झालं?" मेहुण्यानं घाबरून विचारलं.

"टाकीला वरून हवेची नळी पाहिजेच," मामा पुटपुटले. "आत हवा शिरली नाही तर खाली पेट्रोल उतरणार कसं?"

गावभर ज्यानं घरोघरी टाक्यांना नाक बसवून दिलं, त्यानं स्वतःच्या टाकीचं नाक डाग देऊन बंद केलं होतं, वरून कानस मारून. इंजिन चालायचं, टाकीतलं पेट्रोल कमी व्हायचं, त्या जागी हवा यायला वाट नाही, की पेट्रोल उतरायचं थांबायचं. मामींनी झाकण उघडलं की टाकी एक मोठा श्वास घ्यायची आणि मामा श्रेय द्यायचे प्लगाला. इतक्या महिन्यांत ते विमान दुरुस्त करणारा एकच माणूस होता, तो स्टुलावर उभा होता आणि त्याला विमान नको होतं.

"मग आता?" मामी म्हणाल्या.

"भोक पाडायचं."

मामांनी पिशवीतून हातानं फिरवायचं बारीक ड्रिल काढलं, झाकण टेम्पोच्या फळीवर ठेवलं, टोक मधोमध टेकवलं. आणि हात थांबला. पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबला. जन्मभर भोकं बुजवलेला हात तो. धड भांड्याला भोक पाडायचं म्हणजे त्यांना स्वतःच्या पोराला चापट मारण्यासारखं वाटत असावं.

"द्या इकडे," मामी म्हणाल्या. "वास येतो म्हणून ओरडले मीच. मीच पाडते."

काजासाठी भोक पाडावं तसं त्यांनी चार फेऱ्यांत पाडलं, फुंकर मारली आणि डोळ्याला लावून पलीकडे बघितलं. "भंगारवाला दिसतोय," म्हणाल्या. "त्याला सांगा, जा म्हणावं."

दुपारी बाई आल्या. इंजिन सुरू झालं आणि चालत राहिलं. अर्धा तास म्हणजे किती मोठा असतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मेहुणा दर मिनिटाला "आता खोकेल" म्हणत होता. इंजिनाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवटी बाईंनीच हात वर करून बंद करायला लावलं.

"काय बदललंत?" त्यांनी विचारलं.

मामांना सगळं सांगता येत होतं, प्लगापासून कार्बोरेटरपर्यंत. हे एक सांगता येईना. ते इकडेतिकडे बघू लागले.

"झाकणाचं भोक यांनी बुजवलं होतं, ते मी पाडलं," मामी म्हणाल्या.

बाईंनी झाकण हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "मागच्या वेळी हे माझ्याही नजरेतून सुटलं," त्या सावकाश म्हणाल्या. "डाग फारच सफाईदार होता."

"करायचं तर नीट करायचं, मॅडम," मामा म्हणाले. बाईंनी कौतुक केलं असंच ते आजही समजतात.

सही झाली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी वारा पडल्यावर मामा एकटे उडाले. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मामी खाली बघत होत्या. स्टुलाचा एक पाय डगमगतोय का ते बघत होत्या म्हणे. विमानानं गावावर एक मोठी फेरी मारली, उन्हात पंखांची शिवण चमकली, आणि मामा खाली आले. सगळे धावले. आम्हाला वाटलं, आता मामा काहीतरी बोलतील. इतकी वर्षं टाकीवर बसून जे बघत होते, ते आज पुरतं बघून आले होते.

मामा उतरले, टोपी काढली आणि थेट मेहुण्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मेहुणे, तुमची टाकी वाहतेय. झाकण उघडं आहे. सगळी गच्ची चकचकतेय वरून."

"आँ?"

"माझा पाना कुठे आहे?"

"अहो, विमान!" मेहुणा म्हणाला. "वरून कसं दिसतं ते तरी सांगा!"

"तेच सांगतोय ना. वाहतेय." मामांनी पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागले. विमान मागे तसंच उभं, इंजिन अजून गरम, तेलाचा एक थेंबसुद्धा खाली नाही.

मामींनी पदर सोडला, पाठीमागून हाक मारली, ती सगळ्या क्लबानं ऐकली:

"अहो, झाकण घट्ट लावा! पण ती हवेची नळी तेवढी बुजवू नका!"